उंबराखालचा कोंड

माझं माहेर खारबावकडचं, खाडीकाठचं. तिथे मासा भरतीबरोबर रोज दारात. त्यामुळे लग्न होऊन या आतल्या गावात आले, तेव्हा पाण्यातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी माझी पक्की समजूत. काय तो तोरा, विचारू नका!

इथली नदी पावसाळ्यात शेतात घुसते आणि होळीनंतर तुटते. मागे उरतात डबकी. एक उंबराखालचा कोंड, म्हणजे नदीतला डोह, तेवढा आटत नाही. होळीनंतर त्यात कुणी जाळं टाकायचं नाही, ही गावाची रीत. सासूबाईंनी बजावलं, "त्ये बियाणं हाय. हात लावायचा न्हाय."

मासे म्हणजे काय भात आहे, बियाणं राखायला? ऐन वैशाखात सासूबाई दोन दिवस लग्नाला गेल्या, आणि मी नणंदेला हाताशी धरून घमेल्यांनी कोंडातलं उरलंसुरलं पाणी उपसलं. मरळ, शिंगट्या, पोटात गाभोळी धरलेल्या. टोपलीभर! सासूबाईंनी येऊन टोपली बघितली. रात्री कालवण बाजूला सारून मिठाशी भाकरी खाल्ली.

पावसात नदी फुगली, पाणी नेहमीसारखं शेतात चढलं. त्याच्याबरोबर चढणारे मासे आले नाहीत. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन आमच्या दारावरून जायच्या, मुद्दाम हळू.

तेव्हापासून इतकी वर्षं कोंड मीच राखते. यंदा त्याच कोंडात मुलाने भेंडीसाठी पंप टाकला. मी खडकावर चुन्याची रेघ मारली. म्हटलं, पाणी याच्या खाली गेलं की बंद. रोज संध्याकाळी काठी टेकत जाते. गुडघे शिव्या देतात. आता खरंच कंटाळा आलाय राखणीचा.

काल पाणी रेघेच्या खाली होतं आणि पंप चालू. मी बटण दाबलं नि पाइपावरच बसले. मुलगा धावत आला.

"आई, भेंडी करपेल! पंधरा दिवसांत पाऊस येतोय, भरेल कोंड."

"पाणी भरेल रे. मासे काय ढगातून पडणारेत?"

"तुला कसं ठाऊक?"

"मीच खाल्लेत. चव अजून आठवते."

तो शेताकडे बघत राहिला. करपलेली भेंडी त्याला दिसत होती, मलाही. मग वाकून त्याने पाइप बाहेर ओढला. त्यासाठी मला उठावं लागलं, तेवढंच जड गेलं.