साठच्या पुढची थरथर

गॅरेजचं एक असतं. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, पण तिच्यासोबत आलेले किस्से इथंच पडून राहतात. उरलेले नट-बोल्ट भंगारात तरी देता येतात. किस्से कुठं देणार? मग चहाला कुणी टेकलं की सांगत बसायचं.

आमचं ट्रकचं गॅरेज राहुरीच्या अलीकडं, नगर-मनमाड रस्त्याला लागून. मी गौतम, आणि माझे भागीदार फिलिपमामा, श्रीरामपूरचे. मामा हे नातं नाही. इथले सगळे ड्रायव्हर त्यांना मामाच म्हणतात. आमच्याकडं सगळ्यात जास्त किस्से सोडून गेला तो वांबोरीकडच्या भाऊसाहेबांचा ट्रक.

*

आला तेव्हा नव्या नवरीसारखा दिसत होता. त्याआधी कांदा घेऊन जाताना आडरस्त्यानं अचानक पुढं आलेल्या उसाच्या ट्रॉलीला धडकला होता. केबिन चेपली, चेसी वाकली. चूक ट्रॉलीवाल्याची, हे पोलिसांनीही मान्य केलं. ड्रायव्हर नामदेव थोडक्यात वाचला. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडीची केबिन बदलली, चेसी सरळ केली आणि वरपासून खालपर्यंत रंग मारला.

नामदेवचं म्हणणं एकच होतं. साठच्या पुढं गेलं की गाडी थरथरते.

भाऊसाहेबांनी गाडी स्वतः चालवून बघितली होती. ते कधीकाळी स्वतःच ड्रायव्हर होते, त्यामुळं आपल्याला कळतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. वांबोरी ते राहुरी त्यांना काहीच जाणवलं नाही. त्या रस्त्यावर चाळीसच्या पुढं बैलसुद्धा बुजतो, हा भाग वेगळा.

गाडीतून उतरता उतरता ते मला म्हणाले, "गौतम, गाडी नको तपासू. याला तपास. धडकेपास्नं घाबरलाय ह्यो."

नामदेव शेजारीच उभा होता. भाऊसाहेब पुढं हेही म्हणाले की, पुढच्या महिन्यापासून ते दुसरा ड्रायव्हर बघणार आहेत. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण त्या दिवशी नामदेव आमच्या पाण्याच्या माठाकडं बघत राहिला.

*

थरथर गॅरेजात उभी राहून सापडत नाही, तिच्या मागं पळावं लागतं. आणि आमच्या रस्त्यावर साठचा वेग गाठणं हीच निम्मी दुरुस्ती. खड्डे चुकवत चुकवत आम्ही नव्यानं काँक्रीट झालेल्या तुकड्यावर पोचलो. नामदेव स्टिअरिंगवर, मी शेजारी.

पन्नासला गाडी लोण्यासारखी. पंचावन्नलाही ठीक. साठ ओलांडले आणि माझ्या सीटखालून काहीतरी गुरगुरायला लागलं. आरशातला मागचा रस्ता पुसट झाला, नीट दिसेना.

नामदेवनं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "तुमाला लागतंय का? का मलाच?"

म्हटलं, "मलाही लागतंय. चांगलंच लागतंय."

त्यानं इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, उतरला आणि मागच्या टायरला टेकून उभा राहिला. मला वाटलं, काही तुटलं की काय. मी खाली उतरलो, तर हात हलवून म्हणाला, "काय न्हाई. दोन मिनटं."

मी पुन्हा वर जाऊन बसलो. माणसाला अशी दोन मिनिटं द्यावी लागतात.

*

मी भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं की दोष गाडीत आहे. त्यांचा विश्वास बसला नाही, पण गाडीला कुणाची तरी नजर लागली असेल एवढं त्यांनी मान्य केलं. शनिवारी ते गाडी घेऊन शनिशिंगणापूरला गेले. चालवायला नामदेव. आतल्या गावरस्त्यानं गेले, त्यामुळं गाडीनं चकार शब्द काढला नाही. तेल वाहिलं. तिथूनच त्यांचा मला फोन आला, की गाडी देवानं दुरुस्त केली, आता तुमची गरज नाही.

परतताना मात्र ते घोडेगावाहून मोठ्या रस्त्याला लागले. नामदेवनं साठचा काटा ओलांडला. भाऊसाहेबांच्या पोटावरचा प्रसादाचा पुडा आपोआप सरकायला लागला. ते बराच वेळ रस्त्यालाच दोष देत राहिले. रस्ता तर काचेसारखा होता.

शेवटी त्यांनी पुडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. तेव्हा नामदेव म्हणाला, "देवानं काम केलं, शेठ. तुमाला जाणवलं ना."

*

गाडी पुन्हा आमच्याकडं आली आणि माझी न् मामांची जुंपली. माझा संशय मागच्या टायरवर. धडकेत टायर आतून सुटला असणार, हे मी छातीठोक सांगितलं. मामा म्हणे, रिम वाकलीय, मला न बघताच दिसतंय. आम्ही दोघंही चुकलो. मागची चाकं बदलून बघितली, थरथर तशीच. चांगली गोष्ट एवढीच, की दोघंही चुकल्यामुळं भांडण मिटलं.

मग मी डोकं शांत ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. स्टिअरिंग थरथरत नव्हतं, म्हणजे पुढची चाकं निर्दोष. साठवर गाडी न्यूट्रल केली, इंजिनचा जोर काढला, तरी थरथर कायम. म्हणजे इंजिनही सुटलं. राहिला तो मधला प्रोपेलर शाफ्ट, इंजिनची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा तो लांब दांडा.

मामा गाडीखाली सरकले. हा दांडा दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात दात बसवून सरकवायचा. दोन्हीकडची टोकं एका रेषेत यावीत म्हणून कंपनी दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरते. बाणासमोर बाण आला की झालं, नाहीतर वेगात दांडा हादरे देतो. इथं बाण दिसतच नव्हते. वर्कशॉपवाल्यांनी चेसी सरळ करायला दांडा काढला, परत बसवला आणि वरून काळा रंग फासला होता.

मामांनी ब्लेडनं रंग खरवडला. बराच वेळ खालून नुसता खरखर आवाज. मग गाडीखालूनच शांतपणे म्हणाले, "गौतम, ये बघ. एक बाण नगरकडं निघालाय आन् एक मनमाडकडं."

*

भाऊसाहेबांनी आमच्या गॅरेजातूनच त्या वर्कशॉपला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. त्याचं म्हणणं, आमच्याकडून गाडी निघाली तेव्हा मुळीच थरथरत नव्हती, आम्ही स्वतः चालवून बघितली होती.

मामांनी हात पुसत विचारलं, "कुठवर चालवली?"

तो म्हणाला, "गेटपर्यंत."

भाऊसाहेबांनी फोन कापला. नामदेव मात्र हसत हसत बाहेर गेला. त्या गाडीच्या निमित्तानं मी त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

*

बाण जुळवून दांडा बसवला आणि शेवटची ट्रायल ठरली. या खेपेला मी गेलो नाही. मला गरजच वाटली नाही, एवढी खात्री होती. भाऊसाहेब आणि नामदेव दोघंच गेले. पुढचं मला भाऊसाहेबांनी नंतर सांगितलं.

काँक्रीटवर नामदेवनं साठ ओलांडले, मग सत्तर. गाडी गप. आरशात मागचा रस्ता स्वच्छ, टपरीवरची पाटी वाचता यावी इतका. भाऊसाहेब खूश झाले आणि म्हणाले, की आता ऐंशीनं पळव, बघू तरी.

नामदेवनं पाय उचलला. गाडी हळू केली, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

"का रे? आजून भ्या वाटतंय व्हय?"

"न्हाई शेठ. आता तुमी चालवा. मी बसतो."

भाऊसाहेबांना नाही म्हणता येईना. ते स्टिअरिंगवर बसले, नामदेव शेजारच्या सीटवर गेला. थोडं अंतर गेल्यावर नामदेवनं सांगितलं, की धडकेपासून गाडीत त्याचा डोळा लागला नव्हता. गाडी कुठंही उभी असली तरी रात्रभर छताकडं बघत पडायचा. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं. ते चालवत राहिले.

ते परत यायला चांगलाच उशीर झाला. मामा आणि मी रस्त्यावर येऊन वाट बघत होतो. तेवढ्यात गाडी आली, पण बैलगाडीच्या चालीनं. मला वाटलं, थरथर परत आली. आमच्या दारातला खड्डा तिनं असा ओलांडला, जणू काचेचा माल भरलाय.

भाऊसाहेबांनी इंजिन बंद केलं. दार अगदी सावकाश उघडून खाली उतरले आणि तसंच उघडं ठेवलं. मी काही विचारायच्या आत त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. झोपलाय त्यो."