आधी लाइट, मग सेल्फ

परवा संक्रांतीच्या सकाळी, रांझीला आमच्या घरासमोर बाबांची मोटरसायकल रुसून बसली... आणि तिच्यासोबत बाबाही.

दर संक्रांतीला आई-बाबा मोटरसायकलवरून ग्वारीघाटला नर्मदेच्या दर्शनाला जातात. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे हा. मी कार घेतली, तरी मोडला नाही.

यंदा मात्र मोडणार अशी चिन्हं होती. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं, पण किक मारायला सक्त मनाई. म्हणजे सगळी भिस्त सेल्फवर, आणि जुनी बॅटरी केव्हाच थकलेली. सेल्फ लागला नाही तर गाडी विकायची, असं बाबांनीच जाहीर करून टाकलं होतं.

म्हणून दिवाळीनंतर आईला सोबत घेऊन मी गाडी दुकानात नेली, नवी लिथियम बॅटरी बसवायला. दुकानदारानं जुनीचं माप घेतलं, प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते पाहिलं, गाडीचं चार्जिंगही मीटरनं तपासलं. ते जास्त असलं तर ही बॅटरी खराब होते म्हणे. घरचा जुना चार्जर हिला लावायचा नाही, असंही बजावलं. हातात घेतली तर इतकी हलकी, की मला वाटलं यानं रिकामा डबाच दिला...

बाबा फॅक्टरीत मेंटेनन्सला होते. बॅटरीत डिस्टिल वॉटर घालणं हे त्यांचं आवडतं रविवारचं काम. हिच्यात पाणीच घालायचं नसतं म्हटल्यावर बिचारे हिरमुसले. तरी रविवारी साइड कव्हर उघडायचे, टर्मिनल पुसायचे आणि परत बंद करायचे.

तर परवाची सकाळ. थंडी कडाक्याची, आई तीळगूळ आणि फुलांची पिशवी घेऊन तयार. बाबांनी सेल्फ दाबला... घर्र झालं आणि गाडी गप्प. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. थंडीत लिथियम जरा सुस्तावते. आधी एक-दोन मिनिटं हेडलाइट लावून ठेवायचा, बॅटरी आतून गरम होते, मग सेल्फ मारायचा. मी स्विचकडे हात नेला, तर बाबांनी अडवलं.

"काहून लाइट लावून राहिली? आहे तेवढी बॅटरी पण उतरून जाईल ना."

आधी गाडी सुरू, मग लाइट... हे त्यांनी जन्मभर सगळ्यांना शिकवलेलं. जुन्या बॅटरीसाठी ते अगदी बरोबरही होतं. मी समजावायला गेले, पण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "चलो, तुझी कार काढ. हिला विकून टाकू."

मी कारकडे वळले. आई जागची हलली नाही. तिनं माझ्या हातातून चावी घेतली, गाडीला लावली आणि हेडलाइट सुरू केला. या गाडीच्या कुठल्याही बटणाला आईनं हात लावलेला मी आजवर पाहिला नव्हता.

बाबा काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कारमध्ये तुम्ही पुढं बसता, मी मागं एकटी बसून राहते. मले तुमच्या खांद्यावर हात ठेवून जायचं आहे. दोन मिनिटं थांबा."

बाबा थांबले. समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला होता, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत उभे होतो.

मग बाबांनी सेल्फ दाबला. घर्र जरा लांबलं... आणि दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. बाबांनी आईकडे पाहिलं आणि ते पाय टाकून बसले. आई मागं बसली.

इतकी वर्षं मला वाटायचं, गाडीत जीव बाबांचा आहे, आई आपली धक्के खात मागे बसते. बॅटरीसुद्धा मी बाबांच्या गुडघ्यासाठी म्हणून घेतली होती. इतक्या वर्षांत आईला कधी विचारलंच नव्हतं, तुला काय आवडतं...

मी पण कारनं मागोमाग निघणार होते. नाही गेले. नर्मदामाईला घरूनच हात जोडले.