मी घरच्या घरी बॅटरी भरली तेव्हा

बॅटरी मी बिघडवली नाही. मी ती फक्त रिकामी केली. आमच्या कुरखेड्याकडची माणसं आजही या दोन गोष्टींत फरक करायला तयार नाहीत, म्हणून काय झालं ते एकदा लिहूनच टाकतो.

साल असेल पंचावन्न-छप्पन्न. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि गावातला एकुलता एक रेडिओ माझ्या घरी होता. वीज नव्हती, रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. ती उतरली की वडशाला पाठवायची. तिथला गॅरेजवाला ती चार दिवसांनी परत द्यायचा, तीही उपकार केल्यासारखी. (एकदा त्याने दुसऱ्याचीच बॅटरी माझ्या हातात ठेवली आणि वर "सारख्याच असतात" म्हणाला!)

अशात माझा साळा श्रावण याला नागपूरच्या रेडिओवर गायचं बोलावणं आलं. पोरगा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात गायचा, गळा गोड. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला गाणं होतं. माझी बायको गिरजा ही त्याची मोठी बहीण. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. आनंदाच्या भरात तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

"अजी, बॅटरी उतरत आली. सोमवारच्या मोटरीनं वडशाले धाडून द्या."

"काही गरज नाही. मी घरीच भरतो."

"तुमी?"

त्या एका शब्दाचा मला अजून राग येतो. अहो, मी सातवीच्या मुलांना वीज शिकवत होतो!

लाकडाच्या डेपोत एक मोडकी लॉरी पडून होती. तिचा डायनामो मी गफूरभाऊ ड्रायव्हरकडून मागून आणला. देताना तो म्हणाला, "गुरुजी, डायनामो अन् बॅटरीच्या मधात कटआऊटची डबी लावा लागते. नाई तं उलटं होऊन जाईन."

"काय उलटं होईल?"

"थे मले नाई सांगता येत. पण लावा लागते."

ज्याला कारण सांगता येत नाही, त्याचं मी का म्हणून ऐकावं?

शनिवारी सकाळी सायकल स्टँडवर उभी केली, मागच्या चाकाचा टायर काढला, चाकावरून पट्टा डायनामोला नेला, दोन तारा बॅटरीला जोडल्या आणि पायडल मारायला बसलो. तासाभरात माझे पाय माझे राहिले नाहीत. मी उतरलो. आणि काय सांगू! चाक थांबेचना! मी पाच मिनिटं पाहिलं, दहा मिनिटं पाहिलं, ते आपलं फिरतंच आहे. म्हणजे आता बॅटरी कोणी पायडल न मारताच भरत होती!

गाव लोटलं. शेजारच्या म्हाताऱ्या आजीने सायकलीला हळदकुंकू वाहिलं. कोणीतरी विचारलं, "गुरुजी, कोनी पायडल मारून नाई राह्यलं, तं चाक काऊन फिरून राह्यलं?"

"त्याने गती घेतली आहे," मी म्हणालो. "यालाच विज्ञान म्हणतात."

दुपारी सासुरवाडीची माणसं दोन बैलगाड्या भरून आली. सासऱ्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. "जवाईबापू, हे मशीन धान कांडाले लावता येईन का?"

"पुढच्या हंगामात लावू," मी म्हणालो. (देवा! म्हणालो खरा!)

गिरजाने तेवढं चाकाकडे निरखून पाहिलं. "अजी, अशी फुकटात कोनती चीज भरते का?"

मी हसलो. मोठ्याने, आणि तेही तिच्या माहेरच्या माणसांसमोर.

पाचच्या सुमाराला चाक मंदावलं. मी जाहीर केलं, "बॅटरी भरत आली, म्हणून चाक आपोआप हळू झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सहाला चाक थांबलं. मी म्हणालो, "भरली!" आणि बॅटरी रेडिओला जोडली.

साडेसहाला निवेदकाने श्रावणचं नाव घेतलं. गिरजाने पदर तोंडाला लावला. श्रावणने 'आ' लावला. तो 'आ' बारीक झाला, मग घोगरा झाला, आणि बंद पडला.

"अगाई! माझ्या पोराचा गळा धरला कोनं तरी!" सासूबाईंनी हंबरडा फोडला.

"बैलं जुपा!" सासरे ओरडले. "नागपूरले निंगा!"

मी रेडिओला थापट्या मारत होतो आणि "तो सुखरूप आहे, तो सुखरूप आहे," म्हणत होतो, पण ऐकतंय कोण? गर्दीतून गफूरभाऊ पुढे आला. त्याने थांबलेलं चाक पाहिलं, तारा पाहिल्या आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, हेच थे उलटं."

डायनामो बॅटरी भरत नव्हता. वीज उलटी जाऊ न देणारी ती डबी मधे नव्हती, म्हणून बॅटरीच डायनामो फिरवत होती, आणि डायनामो माझी सायकल! साळ्याच्या गाण्यासाठी राखलेली वीज दिवसभर माझं रिकामं चाक फिरवण्यात गेली होती, आणि मी शेजारी उभा राहून तिचं कौतुक करत होतो.

गिरजाने सगळ्यांना वाढलं आणि ती स्वतः न जेवता उठली. ती भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. त्या उपाशी उठण्याचं मला खरोखर वाईट वाटलं.

दोन महिन्यांनी श्रावणला पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला बॅटरी गिरजाने स्वतः नेऊन भरून आणली आणि मला त्या बॅटरीपासून चार हात लांब बसवलं. गाव, सासुरवाडी, सगळे अंगणात जमले. रेडिओ ठणठणीत वाजला. श्रावणने स्वतः रचलेलं नवं गाणं म्हटलं. गाणं एका मास्तराचं होतं, जो सायकलीवरून उतरतो आणि सायकल एकटीच पुढे जाते. माझं नाव त्याने घेतलं नाही, एवढीच त्याची सभ्यता. गावाचं घेतलं! गिरजा हसता हसता भिंतीला टेकली. इतकी हसलेली मी तिला लग्नानंतर पाहिली नव्हती.

मी मात्र कपाळाला आठ्या घालून बसलो होतो. मी ठेक्यावर मान डोलवली आणि "वा!" म्हणालो, असं सासरे जे गावभर सांगत फिरतात, ते धादांत खोटं आहे. मी "वा!" पहिल्या कडव्याला म्हणालो होतो. तोपर्यंत तो मास्तर कोण, हे अंगणात फक्त मला एकट्यालाच कळलं नव्हतं!