अश्विनीची पहिली पत्रिका

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. भावापाशी नाही, मित्रापाशी नाही, अश्विनीपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मधेच "असू दे रे" म्हणून मला सोडवणार नाही.

मी बी.ए. आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला. त्याचा मला अभिमान आहे, तो कशाला लपवू? वारंगा फाट्यावर झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं, तेव्हा आमचे दादा, म्हणजे वडील, येईल त्याला सांगायचे, "आमच्या पोराला कम्प्युटरमधलं समदं येतं." समदं! किती येत होतं ते माझं मला ठाऊक. पण 'येत नाही' असं म्हणणं — ते मला कधी जमलंच नाही.

अश्विनी माझी बायको. बारावी झालेली. लग्नानंतर आपणहून दुकानात येऊन बसायला लागली. एकेका बोटानं मराठी टायपिंग शिकली. टाईप करताना तिचे ओठ हलायचे, अक्षर अन् अक्षर पुटपुटायची. मला ते बघायला फार आवडायचं. हे तरी तिला कधी सांगितलं का मी?

आमच्याकडे पत्रिका म्हणजे नुसता मुहूर्त नसतो. अख्खी भावकी तिच्यात बसवावी लागते. एका चुलत्याचं नाव राहिलं की तो मांडवात पाय ठेवत नाही. अश्विनीनं तिची पहिली पत्रिका सकाळपासून बसवली होती — मानाप्रमाणे नावं वर घे, खाली घे. दुपारी नवरीचे काका आले, सोबत दोघं-तिघं. ती म्हणाली, "सेव्ह करते अन् मंग दाखवते."

मी म्हणालो, "थांब, आधी मोठं करून दाखवू त्यांना." आणि तिच्या खांद्यावरून हात घालून वरच्या ओळीतली एक की दाबली.

पत्रिका पूर्ण स्क्रीनभर झाली. काका खूश. पण आता माघारी कसं यायचं? वरची फुली गायब, खालची पट्टी गायब. मी हे दाबलं, ते दाबलं, माऊस आपटला. गोल चक्र फिरायला लागलं, स्क्रीन पांढुरकी पडली — हँग. सगळे बघत होते. मशीनकडे नाही, माझ्याकडे. मी खाली वाकलो आणि सरळ बटणच बंद केलं.

पुन्हा चालू केलं तर पत्रिका नव्हती. एक नावसुद्धा उरलं नव्हतं.

"काहून हो, काय झालं?" काकांनी विचारलं.

आणि मी — थांबा, नीटच सांगतो — मी म्हणालो, "हिनं आधी कायतरी दाबून ठेवलं असंल."

"सूनबाई, लाटणं न्हाई व्हय ते, फिरवलं तसं फिरायला!" काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं विश्वासानं पाहिलं — खरंच तिच्याच हातून झालं का, असं विचारत. नवरा शिकलेला, त्याला कळत असणारच. मी मान हलवली. 'हो' म्हणून.

पुढं काही दिवसांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. कोपऱ्यातली एस्केप दाबली की स्क्रीन जागेवर येते. हँग झालंच तर हात काढून जरा थांबायचं, बऱ्याचदा आपोआप सुटतं. नाहीच सुटलं तर तेवढा एक प्रोग्राम बंद करता येतो. एवढंच होतं ते! अश्विनी तेव्हा बाहेर अंगणात तुरी पाखडत होती. हाक मारायची होती फक्त. नाही मारली.

ती दुकानात यायची बंद झाली. रुसून नाही. "तुमच्या कामाचा खोळंबा व्हतो," एवढंच म्हणाली.

परवा आमची आरू — तिसरीत आहे — लॅपटॉपवर धडा बघत होती. धडा स्क्रीनभर झाला आणि अडकला. अश्विनीनं मला दुकानातून बोलावून घेतलं. मी आलो तेव्हा ती दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती. मी कोपऱ्यातली ती की दाबली. सुटलं.

"आई, तू काहून न्हाई दाबलं?" आरूनं विचारलं.

अश्विनी हसली. "माझा हात लागला की बिघडतं बाई ते. पप्पाच्या हाताला गुण हाय."

आरूनं आईकडं पाहिलं आणि हळूच आपली बोटं कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवली.

मी तिथंच होतो. अश्विनीनं चहा आणून दिला, तो प्यालो.

तिनं त्या दिवशी काहीही दाबलं नव्हतं. पत्रिका मी घालवली. आणि हे मी तिच्याआधी तुम्हाला सांगितलं — त्यातही भित्रेपणाच आहे.