मागच्या खोलीतली दुपार

नोकरीतले बरेच गुन्हे मी विसरलो, पण जो गुन्हा घडलाच नाही तो अजून स्वच्छ आठवतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकरोडला फौजदार होतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर कामाला येणाऱ्यांसाठी आमच्या हद्दीत घरोघर सुट्या खोल्या भाड्याने मिळत.

एके सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. एका माळकरी काकूंकडे मागच्या खोलीत सुरगाण्याची विधवा बाई शाळकरी मुलीसह राहते. दुपारी तिच्याकडे एकेक कामगार येतो आणि शर्टाखाली पुडकं लपवून निघतो. नक्की गांजा, असं फोनवाल्याचं म्हणणं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि साध्या वेशात कोपऱ्यावर उभे राहिलो. माहिती खरी होती. एकाला ठाण्यात आणलं.

"कुणाकडून घेतलंस?"

"मला आत टाका साहेब, पन नाव नाय सांगनार."

गुन्हेगार भरपूर बोलतो. असा गप्प बसणारा बहुधा दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो. हवालदाराने पंचांसमोर पुडकं सोडलं आणि ठाणंभर वास सुटला. आत नागलीची भाकरी आणि सुकट होती. पंचांनाही हसू आवरेना.

बाईकडे गेलो, तर ती हात जोडून उभी. "खानावळीत आमच्या मानसांना हे मिळत नाय, म्हनून करून देते. वास जावा म्हनून उदबत्त्या लावते. काकूंना सांगू नका साहेब. खोली गेली तर पोरीची शाळा सुटंल."

आता पंचाईत अशी, की काकूंनी पोलीस दारात पाहिले होते. काहीच बोललो नाही तर त्या भलतंच समजणार. पुढच्या खोलीत जाऊन मी शब्द शोधू लागलो, "काकू, बाई चांगली आहे, फक्त..."

"सुकट ना?" काकू वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून वास येतोय. दुपारी मी मधलं दार लावून घेते. पण मला माहीत आहे हे तिला सांगू नका हो. लाजून स्टोव्हच बंद करील, मग खाईल काय?"

'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असा शेरा मारून मी प्रकरण मिटवलं. झाकलेलं उघड करणं हेच आपलं काम, असं मी तोवर समजत होतो. दोन माणसं एकमेकांसाठी जे झाकून ठेवतात, त्याला पोलिसांनी हात लावायचा नसतो, हे त्या दिवशी कळलं.

निघताना बाईने हळूच विचारलं, "सांगितलं नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलावं लागलं नाही, याचं समाधान अजून वाटतं.