गायरानावरचा मंडप

माझा धाकटा भाऊ दारू सोडायला म्हणून महाराजांच्या सत्संगाला जाऊ लागला, तेव्हा आईनं आळीत साखर वाटली. दारू खरंच सुटली. पहाटे अंघोळ, गळ्यात माळ, तोंडात शिवी नाही. लग्न होऊन मी येडशीला आले होते. मलाही हायसं वाटलं.

मग सेवेकऱ्यांचा प्रमुख बदलला. नवा प्रमुख म्हणजे वाळू उपसणाऱ्या टोळीचा म्होरक्या, खुनाच्या प्रकरणात जामिनावर सुटलेला. महाराजांनी भर सभेत त्याला मिठी मारली. "देवाच्या दारात मागचं काही विचारत नाहीत," म्हणाले. त्याची माणसंही भगवी उपरणी घालून आली. वाळूच्या गाड्यांवर महाराजांचा फोटो लागला आणि त्या गाड्या कुणी अडवेना.

उन्हाळ्यात त्यांनी गायरानावर मंडप टाकला. आमच्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर तिथंच मेंढरं चारलेली. तारेचं कुंपण घातलं जाऊ लागलं तसे ते मेंढरं घेऊन मधोमध उभे राहिले. मी माहेरीच होते, मागोमाग धावले. समोर काठ्या घेतलेल्यांच्या रांगेत माझा भाऊ होता.

"आबा, घरी जावा. मला अडचणीत आणू नका."

"आरं, मग चारायचं कुठं? तूच सांग."

भावाच्या शेजारच्यानं काठी घातली. आबांचा हात मोडला. भाऊ जागचा हलला नाही.

तक्रार द्यायला गेलो. हवालदारानं आबांना खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाबा, तुमचाच पोरगा सांगतोय, तुम्ही मेंढरांत अडखळून पडलात म्हणून."

आई महाराजांकडं पोरगा परत मागायला गेली. दारातच म्होरक्यानं तिला वाकून नमस्कार केला. "माय, त्याला आमचं सगळं ठावं हाय. बाहेर निघून त्यो जगंल का?" असं गोडीनं विचारलं. आई तशीच परतली.

पुढं एकदा भावाचा फोन आला. "ताई, हितनं निघता येईना."

"माझ्याकडं ये. आत्ता ये."

"आन् आई-आबांना कोण राखंल?" फोन बंद झाला. मी परत लावला, त्यानं उचलला नाही.

आबांनी मेंढरं विकून टाकली. हात वाकडाच जुळला. मी माहेरी गेले की ते ओट्यावर नुसते बसलेले असतात. दुपारी गायरानावरच्या भोंग्यावर भजन सुरू होतं. आई हातातलं काम टाकून कान देते.

"त्योच गातोय," म्हणते. "जिता हाय."