धानाची खोली

तिरोड्याच्या वीज केंद्रात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. कंट्रोल रूममध्ये बसून जगासाठी वीज तयार करायची आणि घरी आल्यावर या खोलीतून त्या खोलीत जाऊन दिवे बंद करत हिंडायचं, असा माझा दिनक्रम होता. बायको म्हणायची, "तिकडं बनवता अन् इकडं विझवता. कायले बनवता मंग?" निवृत्तीनंतर स्वतःचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा मनाशी एक गोष्ट पक्की केली. हे घर असं असेल की लोक बघायला येतील आणि विजेचं मीटर जागच्या जागी झोपून राहील.

जागा गावाच्या कडेला होती, मागे आमचंच धानाचं शेत. घराची आतली सजावट करायला मी गोंदियाहून एका मुलीला बोलावलं. ती नागपूरला शिकून आली होती, नवीनच ऑफिस टाकलं होतं. हुशार होती, बोलायला गोड होती आणि अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत बोलायची. तिने लॅपटॉपवर मला घर दाखवलं. हॉलच्या पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. दिवसा दिवा लावायची गरजच नाही. वर फॉल्स सीलिंग. माणूस आला की आपोआप लागणारे आणि माणूस गेला की आपोआप विझणारे दिवे. हे शेवटचं ऐकून मला तर भरूनच आलं. जे काम मी जन्मभर हाताने केलं, ते आता घर स्वतः करणार होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच मागणी केली. "मले धान ठेवाले एक खोली पायजे. बाकी तुमचं तुमी पाहा."

ती खोली नकाशात मागच्या कोपऱ्यात गेली. तिच्यात सजावट करण्यासारखं काही नसल्यामुळे ना मी लक्ष दिलं, ना त्या मुलीने. बायको आणि मिस्त्री यांनीच ती आपसात उरकली. मिस्त्री कामठ्याचा, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "बाई, घरावर स्लॅब टाकूनच राहिलो, तर या खोलीवर बी टाकून देतो."

"नोको. स्लॅबखाली धान उबते. कवेलू टाका. अन् समोरासमोर दोन झरोके ठेवा, वर. धानाले हवा पायजे."

मिस्त्रीने जुन्या घराच्या उरलेल्या विटांची जाड भिंत घातली, वर बांबू टाकून त्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, घातली आणि खोली झाली. मला ती घराच्या मागे बांधलेल्या गोठ्यासारखी दिसायची. वास्तूला आलेल्या पाहुण्यांना मी त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

हिवाळाभर घराचं कौतुक झालं. लोक गोरेगावहून, गोंदियाहून यायचे, काचेसमोर उभं राहून सूर्य मावळताना बघायचे आणि मोबाइलमध्ये फोटो काढायचे. दिव्यांचं थोडं अवघड गेलं. माणूस हलला नाही तर तो गेलाच, अशी त्यांची समजूत होती. बायको संध्याकाळी पोथी वाचायला बसली की तिसऱ्या ओवीला अंधार व्हायचा. मग ती पोथीवरून नजर न काढता एक हात वर करून हलवायची. एकदा शेजारीण म्हणाली, "बाई, कोनाले बोलावून राहिल्या?" बायको म्हणाली, "लाइटले."

होळी झाली आणि ऊन काचेतून आत यायला लागलं. आधी सोफ्यापर्यंत, मग दिवाणापर्यंत. मेच्या शेवटी नवतपाचे नऊ दिवस लागले तेव्हा दुपारी तीननंतर हॉलमध्ये पाय टाकवत नव्हता. फॉल्स सीलिंगच्या वर गरम हवा कोंडलेली, समोर काच तापलेली. पंखा फिरायचा, पण तीच हवा फिरवून फिरवून परत द्यायचा. मी बनियनवर बसून पाहुण्यांना सांगायचो की नैसर्गिक प्रकाश आहे.

बायको कुठे असते, हे मला चार दिवसांनी कळलं. जेवण झालं की ती चटई उचलायची आणि धानाच्या खोलीत जायची. पाचव्या दिवशी मी तिला दोन शब्द सुनवावे म्हणून दारात गेलो आणि तिथेच थांबलो. आत सावली होती. एका झरोक्यातून वारा येत होता आणि दुसऱ्यातून जात होता. पोत्यांचा कोरडा वास येत होता. बायको थोडी सरकली.

त्यानंतर आम्ही दोघं तिथेच राहायला लागलो. पिण्याच्या पाण्याचा माठ तिकडे गेला, रेडिओ गेला, माझं वर्तमानपत्र गेलं. पाहुणे आले की दहा मिनिटं हॉलमध्ये बसवायचं, त्यांनी घाम पुसत घराची तारीफ करायची, मग बायकोने म्हणायचं, "चला, तिकडं बसू." तिकडे आल्यावर तारीफ कोणी करायचं नाही. लोक नुसते झोपायचे.

अशाच एका दुपारी ती गोंदियाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. ऑफिससाठी हॉलचे फोटो हवे होते. फाटक उघडं, हॉल रिकामा. हाका मारत ती मागे आली तेव्हा मी पोत्याला टेकून पेपर वाचत होतो आणि बायको शेजारणीसोबत लाखोळीची डाळ निवडत होती. मला लाज वाटली. मी उगाच म्हणालो, "पोते मोजत होतो."

तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. बायकोने तिला पन्हं दिलं आणि बस म्हणाली. ती पोत्याला टेकली आणि पाहता पाहता तिचा डोळा लागला. अर्ध्या तासाने उठली ती वरच बघत राहिली.

"काकू, ये रूम किसने डिझाइन की? कोणी सुचवली?"

"डिझाइन कायची? धान ठेवाले बांधली."

तिने पर्समधून टेप काढला आणि भिंतीची जाडी मोजली, झरोक्यांची उंची मोजली, वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "काकाजी, पश्चिमेच्या काचेचं मी तुम्हाला बोलले होते."

बायकोने डाळीतून मान वर केली. "तिनं तुमाले सांगतलं होतं?"

सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. काच उत्तरेला घेऊ म्हणाली, निदान बाहेरून पडवी काढू म्हणाली. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "बेटा, मी बॉयलरच्या शेजारी नोकरी केली आहे. गरमी काय असते ते मला शिकवू नको." मला मावळता सूर्य हवा होता, म्हणून लॅपटॉपवरही मीच तिला काच पश्चिमेला घ्यायला लावली होती. गावात कोणाच्याच हॉलमधून तो दिसत नव्हता.

"हो," मी म्हणालो.

बायको पुन्हा डाळ निवडायला लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग त्या दोघींनी मिळून घर दुरुस्त केलं. मला फक्त सामान आणायला पाठवत. फॉल्स सीलिंगच्या वरच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून जाळी बसवली. गच्चीला चुना मारला. काचेच्या बाहेर हातभर अंतरावर बांबूचा सांगाडा उभा केला आणि त्यावर रोपवाटिकेतली हिरवी जाळी ताणली. हॉल बाहेरून भाजीच्या दुकानासारखा दिसायला लागला. फोटो काढायला आता कोणी येत नाही. पण दुपारी तिथे बसता येतं, आणि पोथी वाचायच्या जागेवर एक साधा, बटनाचा दिवा लागला आहे.

काच काढून टाकायची का, असं मी त्या मुलीला विचारलं होतं. तेव्हा बायकोच म्हणाली, "काऊन काढता? थंडीत लागते."

खरं होतं ते. पौषात जाळी उतरवली की दुपारचं ऊन थेट आत येतं. बायको काचेकडे पाठ करून बसते, उन्हात केस मोकळे सोडते. जाळी चढवायचं आणि उतरवायचं काम माझं. मी शिडीवर असतो, ती खाली शिडी धरून.

"डावीकडची गाठ ढिल्ली राहिली," ती म्हणते, आणि मी आवळतो.